टे नदीचा पूल आणि भुताची आगगाडी

पुलाला बळी लागतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या पुलाचीही अशीच गोष्ट. डंडी म्हणजे एकेकाळचं तागाच्या गिरण्यांचं शहर. ताग आपल्या बंगालचा, आणि गिरणीत राबणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. तिथे दर २८ डिसेंबरच्या रात्री म्हणे टे नदीवर भुताची आगगाडी दिसते. दिवे मध्यावर येतात आणि विझतात.

गाडी मात्र खरी होती. सव्वातीन किलोमीटरचा हा लोखंडी पूल १८७८ साली सुरू झाला. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात त्याचा मधला भाग कोसळला, गाडी नदीत गेली. कुणीच वाचलं नाही. चौकशीत कळलं, की बांधताना वाऱ्याच्या जोराचा हिशेब धरलाच नव्हता. ओतीव खांबांत भोकं राहिली होती. ती मेण, राळ, काजळी आणि लोखंडाचा कीस कालवून बुजवली होती. वरून दिसायला लोखंडच! यात भुताचा काय दोष?

पाण्यातून काढलेलं इंजिन दुरुस्त करून पुन्हा चालवलं. लोक त्याला ‘पाणबुड्या’ म्हणत. १८८७ साली शेजारी नवा पूल झाला, पण ते इंजिन त्यावरून न्यायला चालक कितीतरी वर्षं धजत नव्हते. जुन्या खांबांचे बुंधे आजही नदीत दिसतात.