कुलाबा : बेटाचें भूशिर कसें झालें

मुंबईचा नकाशा पाहिला असतां शहराच्या दक्षिण टोंकास समुद्रांत शिरलेली एक निमुळती पट्टी दिसते. पूर्वेस बंदर, पश्चिमेस अरबी समुद्र आणि दक्षिणेस लाटांखालीं दडलेले खडक. हाच मुंबईचा कुलाबा. अलिबागचा कुलाबा किल्ला, आणि १९८१ त ज्याचें नांव रायगड झालें तो कुलाबा जिल्हा, हे याहून निराळे. भूगोलाच्या भाषेंत या पट्टीस भूशिर म्हणावें लागेल. परंतु हें भूशिर निसर्गानें नव्हे, तर माणसानें घडविलेलें आहे.

पूर्वीं येथें दोन बेटें होतीं : मुंबईलगत धाकटा कुलाबा व त्यापलीकडे थोरला. ओहोटीच्या वेळीं मधली खाडी पायीं ओलांडतां येई. भरती आली कीं होडीवांचून गति नसे. मूळची वस्ती कोळ्यांची, आणि नांवही त्यांच्यावरूनच पडलें असें मानितात. १६६१ च्या विवाहतहानें मुंबई इंग्लंडच्या राजाकडे, व १६६८ त सालीना दहा पौंड भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. कंपनीच्या लेखीं कुलाब्याचा मोठा गुण हा, कीं तो शहरापासून तुटलेला होता. म्हणून १७९६ त तेथें लष्कराची छावणी ठरली व १८२६ त वेधशाळा उभी राहिली.

१८३८ त समुद्रांतून बांध घालून कुलाबा मुंबईस जोडण्यांत आला, आणि सर्वच पालटलें. सोलापुरांत सिद्धेश्वराचें देऊळ वाटेनें काठाशीं जोडलेलें आहे, पण तळें तळेंच राहिलें. कुलाब्यास मात्र वाट झाली आणि पाणी हटूं लागलें. १८४४ त कापसाचा बाजार कोटाजवळच्या मैदानांतून येथें आला. १८६० त सोलापुरापर्यंत आगगाडी पोंचली व दख्खनचा कापूस मुंबईकडे वेगानें जाऊं लागला. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें; लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईंत सोन्याचा पाऊस पडला. त्या पैशावर समुद्र बुजविण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅकबेची कंपनी त्यांत सर्वांत गाजली. १८६५ त युद्ध संपलें, कापसाचे भाव कोसळले आणि कंपन्यांसह कित्येक प्रतिष्ठित घराणीं बुडालीं.

तरीहि बांधानें केलेलें काम टिकलें. १८७४ त कुलाब्याहून पायधुणीपर्यंत घोड्यांची ट्राम धांवूं लागली. १८७५ त ससून गोदी उघडली. बी. बी. सी. आय. रेल्वेचें शेवटचें स्टेशन कुलाब्यासच होतें. पण प्रत्येक उपयोगानें मागल्याची जागा घेतली. कापूस शिवडीकडे गेला. १९३० च्या अखेरीस स्टेशन बंद पडलें. कापसाच्या गांसड्यांची गोदी मासळीची झाली. ज्या कोळ्यांचें हें बेट, त्यांचा धंदा अशा रीतीनें व्यापाऱ्यांनीं बांधलेल्या धक्क्यावर परत आला.

शास्त्राच्या बाबतींतहि तीच कथा. वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें घेतलीं जात. परंतु विजेच्या ट्रामी येणार म्हटल्यावर त्या मापांत विकृति येणार हें उघड झालें. म्हणून १९०४ त चुंबकीय वेधशाळा अलिबागेस उभारली. हवामानाचें काम मात्र कुलाब्यासच राहिलें. १९६२ त याच टोंकावर टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या इमारतीचें उद्घाटन झालें.

या हवामानाच्या नोंदींचें मोल २६ जुलै २००५ च्या प्रलयानें दाखविलें. त्या चोवीस तासांत सांताक्रुझास ९४४ मिलिमीटर पाऊस पडला; कुलाब्यास अवघा ७३. एकाच नगराच्या दोन टोंकांत एवढें अंतर! केवळ कुलाब्याच्या आंकड्यावर भिस्त ठेवणाऱ्यास उपनगरें बुडत आहेत हें कळलेंहि नसतें.

बेट जोडलें म्हणजे जमीन मिळते. पण पाण्याची जुनी वाट बंद होते, आणि पाणी ती वाट विसरत नाहीं. कुलाब्यास भूशिर करणाऱ्यांनीं जमिनीचा भाव केला. पाण्याचा हिशेब मात्र पुढच्या पिढ्यांवर सोंपविला, आणि तो अद्यापि चुकता झालेला नाहीं.