दीर्घ आजार, नोकरी आणि विमा : तेरा आठवड्यांच्या पलीकडे

माणूस आजारी पडला आणि बरा झाला, तर मधल्या काळात त्याला कसं सांभाळायचं हे समाजाला तसं लवकर उमगलं. पण जो पूर्ण बरा होत नाही, तरी औषधं घेत वर्षानुवर्षं काम करू शकतो, त्याच्या नोकरीचं आणि औषधपाण्याचं काय? आज आपण या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत.

सुरुवात जर्मनीपासून करू. १८८३ साली बिस्मार्कच्या काळात कामगारांसाठी सक्तीचा आजारविमा आला. कामगार आणि मालक, दोघांनी वर्गणी भरायची. आजारपणात उपचार आणि मजुरीचा काही भाग मिळायचा. मुदत होती १३ आठवडे. या आकड्यात एक गृहीतक दडलेलं आहे, ते नीट पाहा. आजार म्हणजे येऊन जाणारी गोष्ट. ताप चढतो, उतरतो. हाड मोडतं, सांधतं. म्हणजे विमा होता तो आजाराच्या प्रसंगाचा. आजारासह जगण्याचा विचार त्यात नव्हता.

आपल्याकडे १९४३ मध्ये सरकारने औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचं काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर सोपवलं. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला, १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. सुरुवातीला महिना ४०० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांनाच ती लागू होती. या कायद्याचं कलम ७३ महत्त्वाचं. कामगार आजारपणाचा भत्ता घेत असेल, तोवर मालकाने त्याला कामावरून काढायचं नाही. म्हणजे विमा आणि नोकरी या दोन गोष्टी कायद्याने एकत्र बांधल्या.

पण किती दिवस? पुढे भत्त्याचं प्रमाण वर्षाला ९१ दिवस झालं. भागून बघा, नेमके १३ आठवडे! आता गिरणगावातला क्षयरोगी डोळ्यांपुढे आणा. त्या काळी क्षयाचा उपचार वर्ष-दीड वर्ष चाले. तेरा आठवड्यांत तो कसा बरा होणार? म्हणून क्षय, कुष्ठरोग, कर्करोग अशा लांबणाऱ्या आजारांसाठी वाढीव भत्ता आला. ही यादी पुढे ३४ आजारांपर्यंत गेली आणि मुदत दोन वर्षांपर्यंत. घड्याळ मोठं झालं खरं, पण ते घड्याळच राहिलं.

मुदत संपली की काय? औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कामगार कपातीची व्याख्या आली. सततच्या अनारोग्यामुळे काढलेला कामगार त्या व्याख्येतून वगळला गेला. त्याला कपातीची भरपाई मागता येईना. आणि नोकरी गेली की काही काळाने विम्याचा हक्कही जायचा. १९८२ च्या संपानंतर ज्या गिरणी कामगारांना पुन्हा कामावर घेतलं नाही, त्यांच्या घरी हेच झालं. पगार गेला, दवाखान्याचं कार्डही निरुपयोगी ठरलं. खोकला मात्र राहिला.

विचाराला खरं वळण मिळालं ते १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात. एका सार्वजनिक उपक्रमात हंगामी काम करणाऱ्या मजुराला एचआयव्हीची लागण असल्याचं तपासणीत आढळलं, म्हणून कायम नोकरीच्या यादीतून त्याचं नाव काढलं गेलं. त्याची ओळख गुप्त ठेवून खटला चालला. न्यायालय म्हणालं, तो काम करायला सक्षम आहे आणि त्याच्यापासून इतरांना धोका नाही. मग केवळ लागणीच्या कारणावरून नोकरी नाकारता येणार नाही. अशा माणसाला आर्थिक मरणाकडे लोटणं संविधानाला धरून नाही.

प्रश्न कसा बदलला पाहा. 'हा आजारी आहे का?' हा जुना प्रश्न. 'हा काम करू शकतो का?' हा नवा. पहिल्याचं उत्तर वैद्यकीय दाखला देतो. दुसऱ्याचं उत्तर शोधायला कामही बघावं लागतं, आणि माणूसही.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्याने नोकरी आणि विमा, दोन्हींतला भेदभाव रोखला. मधुमेह किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. खासगी आरोग्यविम्यात आधीपासूनच्या आजाराला प्रतीक्षाकाळ असतो. २०२४ पासून त्याची कमाल मर्यादा ४८ ऐवजी ३६ महिने झाली. पण डायलिसिसवाल्याला आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं. त्याने छत्तीस महिने काय करायचं? नोकरी बदलावीशी वाटली तरी तो बदलत नाही, कारण कंपनीचा सामूहिक विमा मागे राहतो. आजार सांगावा तर नोकरीची भीती, लपवावा तर दावा नाकारला जाण्याची.

तेव्हा आपण मागायचं काय? नुसती मुदतवाढ पुरणार नाही. ज्याचा आजार जाणार नाही, त्याचा विमा नोकरीबरोबर जाता कामा नये. आणि त्याची नोकरी आजाराच्या नुसत्या नावाने जाता कामा नये. आडारकरांच्या पिढीने या दोन गोष्टी तेरा आठवड्यांसाठी एकत्र बांधल्या. ती गाठ आयुष्यभर टिकेल अशी बांधणं, हे आपल्याकडे आलेलं काम आहे.