निर्यातीची केळी आणि गोठ्यातली गाय



केळीची गाडी भरून गेली की मागे बारकी, डागी फळं उरतात आणि ती आपण जनावरांपुढे टाकतो. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात या उरलेल्या केळीचा मोठाच प्रश्न झाला होता. तो कसा झाला आणि त्यातून काय शिकावं, ते आज पाहू.

तिथे १८७० नंतर रेल्वे बांधताना रुळांच्या कडेने केळी लावली गेली, आणि पुढे ती बोटींनी परदेशी जाऊ लागली. जात होती 'ग्रो मिशेल'. साल जाड, त्यामुळे अख्खे घडच बोटीत रचत. पण जमिनीतल्या बुरशीने पनामा मर रोग पसरला आणि बागाच्या बागा बसल्या. मग १९५० ते १९६५ च्या दरम्यान मळेवाल्यांनी कॅव्हेंडिश गटातल्या जाती धरल्या. आपली बसराई आणि ग्रँड नैन याच गटातल्या.

कॅव्हेंडिश या रोगाला टिकली, पण तिची साल नाजूक. घड रचला की डाग पडायचे. म्हणून १९६० च्या सुमारास मळ्यावरच फण्या कापायच्या, धुवायच्या आणि सुमारे १८ किलोच्या खोक्यात भरायच्या, अशी पद्धत आली. आता प्रत्येक फणी निवडली जाऊ लागली. वाकडं, आखूड, खरचटलेलं फळ बाद. चांगल्या खाण्याजोग्या केळीचे ढीग शेडजवळ रोज साचू लागले.

ढीग साचला, तशी गाय आठवली. कोस्टा रिकातल्या तुरियाल्बा गावी 'कॅटी' ही संशोधन संस्था आहे. तिथे १९७० नंतरच्या दशकात चरणाऱ्या गायींना हिरवी केळी देऊन पाहिली गेली.

हिशोब असा. १०० किलो हिरव्या केळीत सुमारे ८० किलो पाणीच. उरलेल्या २० किलोत बहुतेक पिष्ट, आणि प्रथिनं जेमतेम १ किलो. म्हणजे केळीने गायीला ताकद मिळते, पण दूध बनवायला लागणारी प्रथिनं मिळत नाहीत. ती पेंडीतून किंवा द्विदल चाऱ्यातूनच द्यावी लागतात. शिवाय केळीत चोथा कमी. सवय नसलेली गाय ढिगावर सुटली आणि पोटभर खाऊन बसली, तर पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो आणि जनावर दगावूही शकतं. फुकटचा चारा असा महागात पडतो.

म्हणून ध्यानात ठेवा :

१) केळी तुकडे करून द्या. अख्खं फळ घशात अडकतं.

२) सुरुवात रोज १-२ किलोने करा, दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा. मोठ्या दुभत्या गायीला १०-१२ किलोंच्या वर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

३) आधी कडबा किंवा गवत, मग केळी. पेंड आणि क्षार मिश्रण बंद करू नका.

४) बुरशी आलेलं, औषध मारलेलं फळ देऊ नका. ढिगातलं प्लॅस्टिक आणि सुतळी आधी वेचून काढा.

केळी ही वैरणीच्या जोडीला आहे, वैरणीच्या जागी नाही, एवढं पक्कं धरून चाला.