पकडलेल्या व्हायरसांची मोजदाद

जळगाव जामोदच्या बाजारपेठेत झेरॉक्सचे दुकान असो, पीक विम्याचे अर्ज भरणारे ऑनलाइन सेंटर असो की अडत्याची पेढी, कोणता अँटिव्हायरस घ्यावा याचे उत्तर सारखेच मिळते: जो जास्त व्हायरस पकडतो तो. याला पुरावाही समोरच असतो. जुन्या अँटिव्हायरसने ‘सर्व ठीक’ म्हटलेल्या संगणकावर नवा टाकला, स्कॅन मारला आणि त्याने तीनशे व्हायरस दाखवले. मग सरस कोण, हे सांगायला नकोच. हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या आकड्यावर तो उभा आहे, आणि ज्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह लागतात त्याला दुसरा आधार कोणी दिलेलाही नाही. तरीही तो चुकीचा आहे.

आधी तीनशे म्हणजे काय ते पाहू. सॅलिटीसारखा व्हायरस एका प्रोग्रामवरून दुसऱ्यावर चढत संगणकातल्या शेकडो फायलींना चिकटतो. रोग एक, बाधित फायली तीनशे. एक अँटिव्हायरस त्याला एक म्हणेल, दुसरा तीनशे. शिवाय काही उत्पादने ब्राउझरमधल्या जाहिरातींच्या कुकीज आणि नको असलेले टूलबारही त्याच लाल यादीत घालतात. प्रत्येकाचे माप वेगळे, तेव्हा दोन आकडे शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही. पण मूळ दोष याहून खोल आहे. त्या यादीत फक्त पकडलेले असतात. निसटलेले कुठेच लिहिलेले नसतात. शंभरांतले साठ पकडणारा आणि एकसष्टांतले साठ पकडणारा, दोघांच्याही पडद्यावर साठच दिसतात.

याच तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या पहाटे पीकपाण्याचे भाकीत सांगितले जाते. त्याला शास्त्रीय आधार नाही ही टीका मला मान्य आहे. पण पाऊसकाळ संपल्यावर काय खरे ठरले आणि काय हुकले यावर लोक वाद तरी घालतात. अँटिव्हायरसकडे हुकल्याचा हिशेब मागणारा कोणी नाही.

आता उलट बाजू. जो सर्वात जास्त ओरडतो तो सर्वात जागरूक, हे गृहीतक साध्या गणिताने कोसळते. मानू की संगणकात दोन लाख फायली आहेत, त्यांतल्या वीस खरोखर बाधित. अँटिव्हायरस त्या वीसही पकडतो, आणि चांगल्या फायलींपैकी हजारात फक्त एकीवर चुकीचा आळ घेतो. ऐकायला उत्तम. प्रत्यक्षात वीस खऱ्या इशाऱ्यांबरोबर सुमारे दोनशे खोटे येतील, म्हणजे दर अकरा इशाऱ्यांत दहा खोटे. चुकीचे प्रमाण मुळात अगदी अल्प होते, पण ते ज्या राशीवर लागू झाले ती राशी प्रचंड होती. अशा संगणकावर बसणारा मुलगा लवकरच प्रत्येक चौकट न वाचता बंद करायला शिकतो, आणि खरा इशारा आला तरी त्याचेही तेच होते.

खोटा इशारा नुसता त्रासदायक असतो असेही नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकअॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची, अत्यावश्यक अशी एसव्हीसीहोस्ट फाइल व्हायरस ठरवून बाजूला काढली, आणि जगभर असंख्य संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. त्या दिवशी एक व्हायरस जास्त ‘पकडला’ गेला होता.

इथे जाणकार प्रतिपक्षी म्हणेल, दुकानातल्या स्कॅनचे सोडा, प्रयोगशाळांचे आकडे घ्या. सल्ला रास्त आहे. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्था निसटलेलेही मोजतात, म्हणून त्यांचा आकडा दुकानातल्या आकड्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक. पण तो वाचतो कोण, कसा? एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना सहा-सहा गुण देते, आणि खोटे इशारे या तिसऱ्या सदरात येतात. जाहिरातीत उतरते ते बहुधा पहिलेच सदर. त्यातही ९९.५ आणि ९९.८ यांत फार मोठे अंतर आहे असे समजले जाते. चारशे नमुन्यांची चाचणी असेल तर एक नमुना म्हणजे पाव टक्का; हे सगळे अंतर एखाद्या फायलीचे. पुढच्या चाचणीत क्रम उलटला तर आश्चर्य नाही.

त्यातून २०१५ चे प्रकरण विसरता येत नाही. चीनच्या चिहू ३६० या कंपनीने चाचणीसाठी जी आवृत्ती दिली, तिच्यात बिटडिफेंडर या दुसऱ्या कंपनीचे इंजिन चालू होते. सामान्य ग्राहकाला मिळणाऱ्या आवृत्तीत ते मुळात बंद होते. वरच्या दोन्ही संस्थांनी आणि व्हायरस बुलेटिन या तिसऱ्या चाचणी संस्थेने मिळून त्या वर्षीचे तिचे गुण आणि मानांकने रद्द केली. परीक्षा एकाने दिली आणि गुणपत्रिका दुसऱ्याच्या हाती आली.

जाहिरातींतल्या ‘शंभर टक्के’ या शब्दांवर तर संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेनने १९८० च्या दशकातच कायमचे प्रश्नचिन्ह लावले आहे. त्याचा युक्तिवाद आपल्या न्यायशास्त्राच्या अभ्यासकाला आवडावा. समजा, प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा एक परीक्षक आहे. मग मी असा प्रोग्राम लिहितो, जो त्या परीक्षकाला स्वतःविषयीच विचारतो: तो ‘व्हायरस’ म्हणाला तर हा गप्प बसतो, ‘व्हायरस नाही’ म्हणाला तर पसरतो. परीक्षक काहीही म्हणाला तरी चुकतो. तेव्हा असा परीक्षक असूच शकत नाही.

मग अँटिव्हायरसच नको, असा निष्कर्ष उतावळी मंडळी काढतात. अचूक परीक्षक नाही, यावरून परीक्षकच निरुपयोगी, असे होत नाही. २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस विंडोजसोबतच येतो आणि घरच्या संगणकाला तो बहुधा पुरतो, हे मी मानतो. अट एकच, विंडोजचे अपडेट चालू हवेत. आणि क्रॅक टाकलेल्या विंडोजवर नेमके तेच अनेकदा बंद केलेले असतात. वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने १२ मे २०१७ ला जगभरच्या फायली ओलीस धरल्या, तेव्हा ज्या भगदाडातून तो पसरला ते बुजवणारा अपडेट १४ मार्चलाच निघालेला होता. विंडोज १० ची नेहमीची मोफत साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. त्यानंतरही अपडेटविना चालवलेल्या जुन्या मशीनवर महागडा अँटिव्हायरस टाकणे पुरेसे नाही.

योग्य मापाचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मूळचे रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करत. दुरुस्तीला आलेल्या संगणकांतले व्हायरस काढण्यासाठी धाकटे बंधू संजय यांनी प्रोग्राम लिहिले, आणि त्यातूनच १९९० च्या दशकात क्विक हील हा अँटिव्हायरस उभा राहिला. दुरुस्तीच्या टेबलावर कसोटी एकच असते: गिऱ्हाइकाचे मशीन पुन्हा चालले का आणि त्याच्या फायली शाबूत राहिल्या का. पकडलेल्यांच्या यादीला तिथे कोणी पैसे देत नाही. आजही कोणत्याही कंपनीचे उत्पादन, क्विक हील धरून, याच कसोटीवर घासावे.

म्हणून परवाना घेण्याआधी विकणाऱ्याला विचारायचे ते असे. चुकून काढलेली फाइल परत कशी मिळते, ते समोर करून दाखवता का? चार जीबी रॅमच्या मशीनवर स्कॅन चालू असताना हिशेबाचे टॅली उघडायला किती वेळ लागतो? परवाना संपल्यावर संरक्षण बंद पडते, की डिफेंडर पुन्हा सुरू होतो? आणि एक प्रश्न स्वतःला: टॅलीच्या डेटाची शेवटची प्रत कधी घेतली, आणि ती ज्या पेन ड्राइव्हवर आहे तो आत्ता संगणकाला लागलेला तर नाही ना?