शिराझ : नाव इराणचं, वेल फ्रान्सचा

शिराझ म्हटलं की आपल्याला इराणमधलं सादी आणि हाफिज यांचं शहर आठवतं. वाइनच्या बाजारात मात्र शिराझ ही द्राक्षाची एक जात आहे. तिची वाइन गडद जांभळट लाल असते. जाणकार तिच्या चवीत पिकलेली ब्लॅकबेरी, आलुबुखार आणि शेवटी काळी मिरी सांगतात. मिरीचं हे वर्णन नुसती उपमा नाही. मिरीला तिचा वास देणारं रोटंडोन नावाचं द्रव्यच या द्राक्षाच्या सालीत असतं.

इस्लामला मद्य निषिद्ध आहे, त्यामुळे इथे शिफारस चवीची नाही. प्रश्न नावाचा आहे.

इराणच्या शिराझमध्ये पूर्वी वाइन बनत असे, हे खरं आहे. 17व्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनी तिची तारीफ लिहून ठेवली आहे. ती बनवणारे मुख्यतः तिथले ज्यू होते. कंपन्यांच्या जहाजांतून ती हिंदुस्थानातही येई. यातूनच एक दंतकथा रुजली. क्रुसेडहून परतलेल्या एका सरदाराने शिराझचा वेल फ्रान्समधल्या ऱ्होन नदीकाठी, हर्मिटेजच्या टेकडीवर लावला, अशी ती कथा.

1998च्या सुमारास डीएनए चाचणीने या कथेचा निकाल लावला. या जातीचे आईबाप म्हणजे मोंदूझ ब्लांश आणि द्युरेझा, दोन्ही आग्नेय फ्रान्समधल्या जाती. फ्रान्समध्ये तिला सिरा म्हणतात. जेम्स बस्बीने 1832 साली युरोपातून द्राक्षाच्या फांद्या ऑस्ट्रेलियात पाठवल्या, त्यांत हीही होती. तिथे तिचं शिराझ हे नाव पक्कं झालं. आज नाशिकच्या मळ्यांतही ती याच नावाने ओळखली जाते. खुद्द इराणमध्ये 1979च्या क्रांतीनंतर मद्यावर बंदी आली.

म्हणजे शेकडो वर्षं लोकांनी नाव ऐकलं आणि मूळ ठरवून टाकलं. माणसांच्या बाबतीतही हेच होतं. फडणवीस हा शब्द फारसीतून आला, म्हणून त्या आडनावाच्या माणसाला कुणी इराणचा समजत नाही, आणि ते योग्यच आहे. पण सांगली-साताऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेल्या घरातल्या एखाद्या रुस्तुम किंवा परवीनला मात्र ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं विचारलं जातं. नावं व्यापाराबरोबर, दरबाराबरोबर, भक्तीबरोबर लांबून येतात. त्यावरून मुळं सांगता येत नाहीत. ती शोधायची तर माती उकरावी लागते.