जळाली की जाळली? विजेच्या कामगारांच्या विनोदाचा इतिहास

कारखान्यांचा इतिहास सांगताना आपण भांडवल मोजतो, उत्पादन मोजतो, संप मोजतो. कामगार कशावर हसत होते, याची नोंद मात्र कुठल्याच दप्तरात नसते. आज आपण ते बघू या, फक्त विजेच्या कामातल्या माणसांपुरतं. त्यांच्या चेष्टेचा एक हक्काचा विषय आहे: हातून काहीतरी जळणं.

यासाठी कांजूरमार्ग ही योग्य जागा आहे. 1937 साली मुंबईत क्रॉम्प्टन पार्किन्सन वर्क्स ही कंपनी निघाली. 1966 मध्ये विलीनीकरण होऊन तिची क्रॉम्प्टन ग्रीव्हज झाली. कांजूरमार्ग पूर्वेला या कंपनीचा ट्रान्सफॉर्मरचा कारखाना होता. शेजारी भांडुप, विक्रोळी, म्हणजे सगळा कारखान्यांचाच पट्टा. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यानंतर आयटीआय झालेली मुलं शिकाऊ म्हणून अशा कारखान्यांत येऊ लागली. हाताखाली शिकणारं पोर आणि शिकवणारा जुना वायरमन, ही जोडी जिथं असते तिथं चेष्टा असतेच.

आता ट्रान्सफॉर्मरच्या कामाची एक गंमत बघा. तयार झालेला ट्रान्सफॉर्मर कारखान्याबाहेर पाठवण्याआधी त्याला मुद्दाम छळतात. चाचणीत त्याच्यावर नेहमीच्या जवळजवळ दुप्पट व्होल्टेज चढवतात. कुठं कच्चं असेल तर ते इथंच फुटावं, गिऱ्हाइकाकडे नको. म्हणजे ताण देऊन बघणं हा या धंद्याचाच भाग आहे. नको असतं ते एवढंच, की चुकून, नको त्या वेळी आणि आपल्या हातून जळावं.

इथं आपली भाषा मदतीला येते. मराठीत ‘जळणं’ आणि ‘जाळणं’ वेगळं, ‘उडणं’ आणि ‘उडवणं’ वेगळं. ‘मोटार जळाली’ म्हटलं की कर्ता मोटारच. ‘फ्यूज उडाला’, जणू त्याला पंख होते. ‘बल्ब गेला’, जसे आजोबा गेले तसा. साहेबासमोर, मेमो आणि चार्जशीटच्या भीतीनं, ही क्रियापदं फार उपयोगी पडतात. चहाच्या वेळी मात्र कुणीतरी विचारतं, “जळाली, की जाळलीस?” आणि सगळे हसतात. आमच्या मते या विनोदाचं मर्म इथं आहे. कागदावर कर्ता गायब होतो, तो चेष्टेत परत येतो. तोही शिक्षा न होता.

कर्ता परत आला की कारणही परत येतं. म्हणून हे विनोद म्हणजे अपघातांचं तोंडी रजिस्टर आहे. तीन उदाहरणं बघू.

पहिलं, थ्री-फेज मोटारीचं. तिचा एक फेज गेला तरी फिरणारी मोटार लगेच थांबत नाही. भार तोच राहिला तर उरलेल्या दोन तारांतून साधारण 1.7 पट करंट जातो. मोटार घुमते, तापते, मग वार्निशचा वास येतो. “कसला वास येतोय रे?” “पगार जळल्याचा!” या धाटणीच्या उत्तरावर शिकाऊ पोर हसतं, आणि घुमणारा आवाज आला की आधी स्विच बंद करायचा, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं.

दुसरं, चाळीतलं. चाळीत तीन फेज खोल्याखोल्यांत वाटलेले असतात, न्यूट्रल समाईक. तो तुटला की ज्या फेजवर भार कमी, तिथलं व्होल्टेज 230 वरून 400 च्या दिशेनं चढतं. एका ओळीतले टीव्ही, फ्रिज, पंखे एकदम जातात. “आज अख्ख्या मजल्याची दिवाळी!” असं म्हणणारा वायरमन पुढच्या वेळी न्यूट्रलचा स्क्रू दोनदा आवळतो.

तिसरं, किटकॅटचं, म्हणजे चिनी मातीच्या फ्यूजचं. सारखा उडतो म्हणून कुणी त्यात जाड तांब्याची तार घालतं. “आता फ्यूज उडणार नाही. घर उडेल.” फ्यूज जळण्यासाठीच असतो, हे याहून थोडक्यात कुणी सांगितल्याचं आम्हाला माहीत नाही.

जगात इतरत्रही हा विनोद आहे. 1975 साली स्टॅनफर्डला सुरू झालेल्या ‘जार्गन फाइल’ या संगणकवाल्यांच्या शब्दसंग्रहात पुढं ‘मॅजिक स्मोक’ अशी नोंद आली. चिप आतल्या धुरावर चालते, धूर बाहेर पडला की ती बंद पडते, असा त्याचा मथितार्थ. छान आहे. पण त्यात धूर आपोआप निघतो. कुणी काढला, हे विचारत नाहीत. आपल्याकडची चेष्टा तेवढंच विचारते.

या हसण्याला एक हद्द आहे, ती विसरून चालणार नाही. वस्तू ‘जळते’, ‘उडते’. माणसाबद्दल बोलताना शब्द येतो ‘चिकटला’. त्या शब्दावर कुणी हसत नाही. 1956 च्या वीज नियमांनी उच्च दाबाच्या ठिकाणी कवटीचं चित्र आणि स्थानिक भाषेतली सूचना सक्तीची केली. कारण तिथं चुकीला दुसरी संधी नसते. यंत्र जळाल्याच्या गोष्टी जुने लोक इतक्या हौसेनं का सांगतात, ते यावरून कळतं. त्या गोष्टी ऐकून शिकलेलं पोर चिकटत नाही.

आज कांजूरमार्गच्या त्या कंपाउंडात निवासी इमारती उभ्या आहेत. विजेचं काम संपलेलं नाही, उलट वाढलंय. लिफ्ट, पंप, एसी, जनरेटर सगळं आहे. फक्त ते सांभाळणारा बऱ्याचदा कंत्राटी असतो. आज या सोसायटीत, उद्या दुसऱ्या. त्याच्यासोबत चहाला बसणारा जुना माणूस नाही. “जाळलीस?” असं विचारणारा नाही, आणि “हो, जाळली” असं हसत सांगायची सोयही नाही, कारण नोकरी जाईल. मग रिपोर्टात तेवढं राहतं: ‘मोटार जळाली.’ का जळाली, ते पुढच्या माणसापर्यंत पोचत नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच. तुमच्या घरात, इमारतीत कुणी निवृत्त वायरमन, फिटर, रिवाइंडिंगवाले असतील, तर त्यांच्याकडून हे किस्से ऐका आणि लिहून ठेवा. नावं नकोत. काय जळालं, कशानं जळालं आणि त्यावर कोण काय म्हणालं, एवढं पुरे.

आता प्रश्न घेऊ या.