उंची म्हणजे सवड

जितके उंच जावे तितका धोका मोठा, असे आपण लहानपणापासून ऐकतो. झाडावर चढणाऱ्या पोराला आई तेच सांगते. पण छत्रीच्या आधाराने आकाशातून उतरण्याचा इतिहास पाहा. तिथे गोष्ट पुष्कळदा उलटी आहे.

२२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये आंद्रे गार्नेराँ बलूनला टांगून सुमारे हजार मीटर वर गेला आणि त्याने दोर कापला. रेशमी छत्री उघडली. खालची टोपली पाळण्यासारखी जोराने हेलकावत होती, तरी तो जिवंत उतरला.

आता त्याच शहरातली ४ फेब्रुवारी १९१२ ची सकाळ घ्या. फ्रान्झ रायशेल्ट हा व्यवसायाने शिंपी. वैमानिकांचे प्राण वाचावेत म्हणून त्याने अंगावर घालायची छत्री शिवली होती. पुतळे टाकून घेतलेल्या चाचण्या फसल्या, तेव्हा उंची कमी पडते असे त्याचे मत झाले. आयफेल मनोऱ्यावरून पुतळा टाकण्याची परवानगी त्याने मिळवली. पण पहिल्या मजल्यावर, ५७ मीटरांवर, तो स्वतःच कठड्यावर चढला. मित्रांनी विनवले, तो ऐकेना. छत्री धड उघडलीच नाही, आणि तो गेला.

हिशेब करा. ५७ मीटर पडायला सुमारे साडेतीन सेकंद लागतात. छत्रीत दोष होताच. पण चांगल्या छत्रीलाही हवा धरायला सवड हवी. पोहरा कितीही चांगला असो, दोर आखूड तर पाणी कसे मिळणार?

१९६० च्या दशकात अमेरिकेत डोमिना जाल्बर्ट याने कप्प्याकप्प्यांची, पुढून हवा भरून पंखासारखी फुगणारी छत्री काढली. १९८० च्या दशकात तिच्याखाली इंजिन व खुर्ची बसवलेली वाहने उडू लागली. इंजिन बंद पडले तरी ती तरंगत उतरतात, म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि शेताच्या बांधावरून खाली खाली उडू लागतो. तिथेच घात होतो. विजेच्या तारा जवळ येईतो दिसत नाहीत. झाडांच्या आडोशाला वारा भोवरे करतो, छत्री चुरगळते. इंजिन थांबले, तर वळून मोकळी जागा गाठण्याइतकी उंचीच हाती नसते.

गुरुजींनी वर्गात एवढे करावे. रुमालाच्या चारी टोकांना दोरे बांधून खाली खडा लावावा आणि रुमाल गुंडाळून घ्यावा. आधी तो कमरेच्या उंचीवरून सोडावा, मग गच्चीवरून. पोरांना पुढचे सांगावे लागणार नाही.